मुंबईच्या पारशाचा पोरगा, ज्याने स्वतःच्याच संगीतावर ४० वर्षं बंदी घातली

पारशी आणि पियानो म्हटलं की पहिलं नाव आठवतं ते फ्रेडी मर्क्युरीचं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला फारुख बलसारा पुढं क्वीनचा फ्रेडी झाला, ही गोष्ट आता शेंबड्या पोरालाही माहितीय. दुसरं नाव येतं झुबिन मेहतांचं. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मेहली मेहतांनी, १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

पण या दोघांच्याही आधी एक पारशी माणूस होऊन गेला. त्याने पियानोसाठी असं काही लिहून ठेवलं की जगातले भलेभले पियानोवादक ती पानं बघून हात जोडायचे. त्याने ते स्वतः वाजवलं, लोकांनी ऐकलं, आणि मग एके दिवशी सांगून टाकलं की इथून पुढं माझं संगीत कुणीही वाजवायचं नाही.

त्यानंतर जवळपास ४० वर्षं ते वाजलंच नाही.

नाव कैखुश्रू शापूरजी सोराबजी. आपल्याकडं हे नाव कुणाच्या कानावरून गेलं नसेल, आणि त्यात आपली काही चूकही नाही. माणूस भारतात राहिलाच नाही, आणि कुणी 'भारतीय' म्हटलं की त्याला राग यायचा.

तर सुरुवात मुंबईपासून. शापूरजी सोराबजी नावाचे एक पारशी सिव्हिल इंजिनियर मुंबईहून इंग्लंडला गेले. तिथं त्यांनी मॅडलीन वर्दी या इंग्लिश बाईंशी लग्न केलं. १४ ऑगस्ट १८९२ ला लंडनजवळच्या चिंगफर्डमध्ये त्यांना मुलगा झाला. घरच्यांनी नाव ठेवलं लिऑन डडली सोराबजी. हा लिऑन डडली मोठा झाल्यावर त्याने ते नाव टाकून दिलं आणि अस्सल पारशी नाव घेतलं, कैखुश्रू शापूरजी.

या माणसाने स्वतःबद्दल लोकांना सरळ माहिती कधी दिली नाही. संगीताचे कोश तयार करणारे संपादक त्यांना जन्मतारीख विचारायचे, हे चुकीची सांगायचे. आई स्पॅनिश आणि सिसिलियन वंशाची आहे असं आयुष्यभर सांगत राहिले. ती इंग्लिश होती, हे पुढं अभ्यासकांनी कागदपत्रं धुंडाळून काढलं. असं का करत असतील याचं एक साधं कारण दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन, बाप काळा-सावळा, आई गोरी, आणि पोरगं ना धड इकडचं ना तिकडचं. 'तू नक्की कुठला?' हा प्रश्न ज्याला रोज विचारला जातो, तो कधीतरी उत्तर स्वतःच बनवायला लागतो.

आई स्वतः गायची, पियानो आणि ऑर्गन वाजवायची. साधारण आठव्या वर्षी तिनेच पोराला पियानोवर बसवलं. पुढं घरी शिकवायला मास्तर आले, पण सोराबजी कुठल्याही मोठ्या संगीतशाळेत गेले नाहीत.

आता हे जरा समजून घ्यायला पाहिजे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात मैफलीचा पियानोवादक व्हायचं तर त्याची एक ठरलेली वाट असते. पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात, मग नावाजलेल्या संगीतशाळेत प्रवेश, रोजचा पाच-सहा तासांचा रियाज, विशीत मोठी स्पर्धा. वॉर्साची शोपॅं स्पर्धा १९२७ पासून आहे, मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा १९५८ पासून. तिथं नंबर आला की एजंट मिळतो, एजंट कार्यक्रम मिळवून देतो, आणि मग माणूस बाख, बेथोवेन, शोपॅं यांच्या रचना गावोगाव वाजवत फिरतो. म्हणजे धंदा मुख्यतः दुसऱ्यांनी लिहिलेलं संगीत वाजवण्याचा. आपल्याकडं गवई चीज गाताना तिथल्या तिथं आलाप-ताना रचतो, तसं तिथं नसतं. कागदावर जे आहे तेच वाजवायचं, पण असं वाजवायचं की ऐकणाऱ्याला ते आत्ताच सुचलंय असं वाटलं पाहिजे.

सोराबजी या वाटेला गेलेच नाहीत. त्यांना तशी गरजही नव्हती. वडिलांनी घरच्यांसाठी ट्रस्ट करून ठेवला होता, त्यातून खर्चापाणी सुटायचं. कुणाच्या पुढं पुढं करायची वेळ कधी आली नाही. पुढं जे काही झालं, त्यात या पैशाचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या संगीतावर बंदी घालणं हे पोटापाण्याची चिंता असणाऱ्या माणसाला परवडलं नसतं.

१९१३ मध्ये त्यांची फिलिप हेसेल्टाइन नावाच्या तरुण संगीतप्रेमीशी पत्रमैत्री जमली. हाच पुढं पीटर वॉरलॉक या नावाने संगीतकार म्हणून गाजला. सोराबजी त्याला रावेल, स्क्रियाबिन, शोनबर्ग अशा त्या काळच्या एकदम नव्या संगीतकारांबद्दल पानंच्या पानं लिहायचे. इंग्लंडमधली बरीच मंडळी तेव्हा यांची नावं ऐकून नाकं मुरडायची. स्वतः काही रचायचं हे मात्र सोराबजींनी खूप उशिरा सुरू केलं, वयाच्या विशीनंतर. मोझार्ट पाचव्या वर्षी रचना करत होता, असल्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्यांना हे वाचून बरं वाटेल.

१९१९ मध्ये एक मोठी गोष्ट घडली. फेरुच्चो बुसोनी हा त्या काळचा पियानोचा बादशाह. तो लंडनला आलेला असताना सोराबजींनी त्याला आपला पियानो सोनाटा वाजवून दाखवला. बुसोनीने शिफारसपत्र लिहून दिलं. सोराबजींचा हा देव होता, त्यामुळं या कागदाचं मोल त्यांच्या दृष्टीने किती असेल याची कल्पना करा. त्यानंतर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लंडन, पॅरिस आणि व्हिएन्नात आपल्या रचना वाजवल्या.

वादक म्हणून लोकांनी वाखाणलं. पण गंमत अशी की यांना स्टेज आवडायचंच नाही. लोकांसमोर बसलं की घाबरायला व्हायचं, आणि आपण काही व्यावसायिक पियानोवादक नाही असंच ते म्हणायचे. वाजवायचे तेही बहुतेक स्वतःचंच, कारण दुसरं कुणी ते वाजवू शकत नव्हतं. दरम्यान १९२४ पासून 'द न्यू एज' या साप्ताहिकात संगीतावर लिहायला लागले. भाषा अशी तिखट की ज्याच्यावर लिहिलं त्याला झोप येऊ नये.

आता येऊ त्या रचनेवर, जिच्यामुळं हे नाव आजही घेतलं जातं.

ऑपस क्लाविचेंबालिस्टिकम. २५ जून १९३० ला लिहून पूर्ण. छापलेली प्रत अडीचशे पानांची. एकट्या पियानोसाठी. वाजवायला लागणारा वेळ चार तासांच्या वर.

चार तास म्हणजे किती, तर सीएसएमटीवरून कर्जत लोकल पकडा. ठाणे, कल्याण, बदलापूर, नेरळ करत कर्जतला उतरा, फलाटावर वडापाव खा आणि त्याच गाडीने परत सीएसएमटीला या. तेवढा वेळ एक माणूस पियानोवर बसलेला, दोन्ही हात चालू.

'त्यात काय एवढं, आपल्याकडं तर रात्र-रात्र मैफली चालायच्या', असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे. जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग पहाटेपर्यंत रंगायचे. पण तिथं गवई दमला तर जरा विसावतो, तबलजीला वाव देतो, सारंगीवाला किंवा पेटीवाला धागा पुढं नेतो, लोकांचा मूड बघून लय बदलता येते. इथं साथीला कुणी नाही. एकूण एक स्वर आधीच लिहिलेला. साधारणपणे पियानोचं संगीत दोन ओळींत लिहितात, वरची उजव्या हाताची आणि खालची डाव्या हाताची. सोराबजी तीन, चार, कधी त्याहून जास्त ओळी वापरतात. हात दोनच, बोटं दहाच, हे त्यांच्या खिजगणतीत नसावं.

ही रचना बारा भागांची आहे. त्यातल्या एका भागात एकाच सुरावटीची ४९ रूपं येतात, पुढं दुसऱ्या एका भागात ८१. मधे चार फ्यूग आहेत. फ्यूग म्हणजे काय, तर एका आवाजाने एक मुखडा घ्यायचा. तो संपायच्या आत दुसऱ्या आवाजाने तोच मुखडा वेगळ्या पट्टीत घ्यायचा, मग तिसऱ्याने, आणि पहिले दोघं मात्र गप्प न बसता आपापलं पुढं म्हणत राहायचं. देवळात आरतीला एक घोळका पुढच्या ओळीवर गेलेला असतो आणि मागचा अजून आधीच्या ओळीवर असतो, तसं. फरक एवढाच की फ्यूगमध्ये हा गोंधळ मोजून-मापून केलेला असतो आणि प्रत्येक क्षणी तो एकमेकांत बसला पाहिजे. सोराबजींचा पहिला फ्यूग एका मुखड्याचा आहे, दुसरा दोन, तिसरा तीन आणि चौथा चार मुखड्यांचा. हे सगळं एका माणसाने दोन हातांनी वाजवायचं.

लंडनमध्ये हे ऐकायला कोण बसणार? पण ग्लासगोमध्ये एरिक चिझम नावाचा एक तरुण संगीतकार होता. त्याने नव्या संगीताचा प्रसार करायला एक सोसायटी काढली होती. बेला बार्टोकसारखी माणसं त्याने स्कॉटलंडच्या थंडीत आणून वाजवायला लावली. त्याच्याच बोलावण्यावरून १ डिसेंबर १९३० ला सोराबजींनी ग्लासगोत ऑपस क्लाविचेंबालिस्टिकम सलग वाजवलं. रचना स्कॉटिश कवी ह्यू मॅकडर्मिड यांना अर्पण केलेली.

म्हणजे बघा, मुंबईच्या पारशाचा लंडनमध्ये जन्मलेला पोरगा, इटालियन गुरूच्या प्रभावाखाली, लॅटिन नावाची रचना, स्कॉटिश कवीला अर्पण करून ग्लासगोत वाजवतोय. 'तू नक्की कुठला?' या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नसेल.

याच काळात घरी वेगळंच महाभारत चालू होतं. १९३२ मध्ये वडील वारले. मग उघड झालं की शापूरजींनी मुंबईत दुसऱ्या एका बाईशी संसार थाटला होता आणि लग्नही केलं होतं. पहिली बायको इंग्लंडमध्ये असताना. इस्टेटीचा प्रश्न आला. आयुष्यभर भारतापासून चार हात लांब राहिलेल्या सोराबजींना या भानगडीपायी भारतात यावं लागलं. पुढं बरीच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि शेवटी ते दुसरं लग्न बेकायदा ठरलं. वडिलांच्या देशाशी त्यांची प्रत्यक्ष भेट झाली ती अशी. मुंबईबद्दल प्रेम वाटावं असं त्यात फारसं काही नव्हतंच.

त्यांचं मन ओढ घ्यायचं ते इराणकडं. पारशांचं मूळ इराणी, आपणही तिकडचेच, असा त्यांचा आग्रह. रचनांची नावंही तशीच, 'गुलिस्तान', 'जामी'. पहिलं नाव शेख सादींच्या ग्रंथाचं, दुसरं फारसी कवीचं. इंग्रज लोकांनी 'इंडियन कंपोजर' म्हटलं की ते भडकायचे.

आणि मग १९३६ साल उजाडलं.

मार्च महिन्यात जॉन टोबिन नावाच्या वादकाने लंडनमध्ये ऑपस क्लाविचेंबालिस्टिकमचा पहिला भाग जाहीर कार्यक्रमात वाजवला. तोही भलत्याच संथ लयीत. सोराबजी स्वतः ऐकायला गेले होते, पण वादन संपायच्या आतच उठून निघून गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्लासगोला त्यांनी स्वतःचा शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि पियानोचं झाकण लोकांसाठी बंद केलं. आपली परवानगी असल्याशिवाय आपलं संगीत जाहीरपणे वाजवायचं नाही, आणि परवानगी मिळणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाईट वाजवण्यापेक्षा अजिबात न वाजवलेलं बरं, असा साधा हिशोब.

सगळं खापर टोबिनवर फोडलं जातं, पण ते तितकंसं पटत नाही. बंदीची लक्षणं आधीपासूनच दिसत होती. एक तर स्टेजची भीती. दुसरं म्हणजे त्यांचं संगीत एका बैठकीत समजेल असं नव्हतंच, त्यामुळं समीक्षकांचे शेरे ठरलेले. तिसरी गोष्ट म्हणजे सोराबजी समलिंगी होते, आणि इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तो गुन्हा होता. ज्याच्या कातडीचा रंग, नाव आणि खासगी आयुष्य तिन्हींकडं लोक बोट दाखवू शकतात, त्याने दार लावून घेतलं तर त्याला नुसतं 'विक्षिप्त' म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण न्याय्य नाही.

ही बंदी टिकली कशी? कॉपीराइट सोराबजींकडं होता, त्यामुळं जाहीर वादनाला नकार द्यायचा हक्क त्यांना होता. पण कायद्यापेक्षा जास्त काम त्यांच्या शब्दाने आणि त्या पानांनीच केलं. जी रचना शिकायलाच वर्षं जातात, ती चोरून वाजवायला कोण बसतंय?

ते मात्र लिहीत राहिले. दिवसेंदिवस मोठं. पियानोसाठीच्या एका रचनेला आठ तासांच्या वर लागतात. ऑर्गनसाठीची एक सिंफनीही अशीच जवळपास दिवसभराची. आयुष्यभरात शंभरच्या वर रचना, साधारण ११,००० पानं. त्यातली बहुतेक छापली जाणार नव्हती, वाजवली जाणार नव्हती, कुणी ऐकणार नव्हतं. तरी माणूस शाईने लिहून, तारीख टाकून कपाटात ठेवत होता. १९५० च्या दशकात त्यांनी लंडन सोडलं आणि डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल या गावात घर केलं. दारावर पाहुण्यांनी येऊ नये अशी पाटी लावली होती, त्यातही नन्सना सूट दिली होती, असं सांगतात.

चाहते काही पिच्छा सोडत नव्हते. १९५३ मध्ये फ्रँक हॉलिडे या चाहत्याने मंडळी जमवली, वर्गणी काढली आणि चेकसकट पत्र पाठवलं की निदान तुम्ही स्वतः वाजवून रेकॉर्ड तरी करून ठेवा. सोराबजींना ते पचायला बरीच वर्षं लागली. शेवटी १९६० च्या दशकात घरच्याच पियानोवर, घरगुती टेपरेकॉर्डरवर काही तासांचं संगीत भरलं गेलं. वय सत्तरीचं, आवाजाचा दर्जा जेमतेम. पण आज त्यांच्या हाताचं जे काही ऐकायला मिळतं ते हेच.

बंदी उठवायला शेवटी एका पोरसवदा संगीतकाराची गरज लागली. ॲलिस्टर हिंटन १९७२ मध्ये सोराबजींना भेटला. पाटीबिटी बाजूला राहिली आणि म्हाताऱ्याची आणि त्याची गट्टी जमली. तुमचं संगीत वाजवू शकणारी माणसं आता तयार झालीयत, हे हिंटनने त्यांच्या गळी उतरवलं. १९७६ मध्ये परवानगी मिळाली. ७ डिसेंबर १९७६ ला योंटी सॉलोमन या पियानोवादकाने लंडनच्या विगमोर हॉलमध्ये सोराबजी वाजवला. ४० वर्षांनी. पुढच्याच वर्षी ब्रिटिश टीव्हीवर त्यांच्यावर कार्यक्रम झाला, आणि ज्यांनी गिनिज बुकमध्ये 'सर्वात लांब पियानो रचना' म्हणून फक्त नाव वाचलं होतं त्यांना माणूस जिवंत असल्याचा शोध लागला.

ऑपस क्लाविचेंबालिस्टिकम पूर्ण ऐकायला मात्र १९८२ उजाडलं. जेफ्री डग्लस मॅज याने हॉलंडमध्ये उट्रेख्टला ते वाजवलं. १९३० नंतर पहिल्यांदाच. आणि जुलै १९८८ मध्ये लंडनला क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये जॉन ऑग्डन बसला. हा १९६२ च्या चायकोव्स्की स्पर्धेचा विजेता, नंतर मानसिक आजाराने आयुष्याची धूळधाण झालेला. पण सोराबजी हा त्याचा तरुणपणापासूनचा ध्यास. त्या दिवशी तो चार तासांहून अधिक वाजवत राहिला. सोराबजी तेव्हा ९५ वर्षांचे होते, शुश्रूषागृहात होते. १५ ऑक्टोबर १९८८ ला ते गेले. पुढच्या वर्षी ऑग्डनही गेला.

हिंटनने सोराबजींची हस्तलिखितं, पत्रं सगळं जमवून बाथ शहरात संग्रह उभा केला. त्या गिचमिड हस्ताक्षरातून चुका दुरुस्त करून वाजवण्याजोग्या प्रती तयार करायचं काम वेगवेगळ्या देशांतले पियानोवादक आणि अभ्यासक वर्षानुवर्षं करतायत. २०१० मध्ये जोनाथन पॉवेल याने 'सेक्वेन्शिया सिक्लिका' ही आठ तासांची रचना ग्लासगोत वाजवली, आणि २०२० मध्ये तिचं ७ सीडींचं रेकॉर्डिंग आलं. लिहून झाल्यावर सत्तर वर्षांनी.

तुम्हाला ऐकून बघायचं असेल तर इंटरनेटवर रेकॉर्डिंग्ज आहेत, काहींबरोबर सुरावटीचं पानही सरकताना दिसतं. पण पहिल्याच फटक्यात चार तासांच्या नादाला लागू नका, डोकं धरून बसाल. 'ल जार्दँ पारफ्युमे' शोधा, म्हणजे सुगंधी बाग. वीसेक मिनिटांची, हळुवार, रात्री हेडफोन लावून ऐकायची रचना. १९३० मध्ये सोराबजींनी ती रेडिओवर वाजवली होती. फ्रान्समधल्या एका खेड्यात आंधळा आणि अपंग होऊन पडलेला संगीतकार फ्रेडरिक डिलियस तेव्हा ती ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने सोराबजींना आवडल्याचं पत्र पाठवलं.